मदत हवी आहे: लैंगिक आरोग्याच्या सेशनसाठी सोप्या मराठीतलं साहित्य कुठे मिळेल, आणि वस्तीला पटवायचं कसं? (दिघा-ऐरोली)

इलठणपाड्याची ताई

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. मी नवी मुंबईत दिघ्याला आशा वर्कर आहे, ठाणे-बेलापूर रोडच्या वरच्या अंगाला डोंगरावर वस्ती चढत गेलीये ना तिकडे. एमआयडीसीत कंत्राटावर जाणारी माणसं, यूपी-बिहारची, मराठवाड्याची, आपली कोकणातली, सगळी एका गल्लीत.

तर आमच्या एमओ (दवाखान्याच्या मेडिकल ऑफिसर) मॅडमनी सांगितलंय की किशोरी मुलींची सेशन घ्या, मुलांची वेगळी घ्या, आणि महिला आरोग्य समितीच्या मीटिंगला लसीकरण-डेंग्यूच्या पुढे जाऊन पाळी, अंगावरून पांढरं जाणं, गुप्तरोग, पाळणा लांबवायची साधनं यावर पण बोला. विषय मला नवा नाही, निरोध वाटून वाटून लाज कधीच गेलीये. पण हातात जो फ्लिपचार्ट आहे तो उघडला की 'जननमार्गाचे संसर्ग' वगैरे सुरू होतं आणि बायका डायरेक्ट पंख्याकडे बघायला लागतात. त्यात समाजमंदिराच्या दारात पोरांचा कॅरम मांडलेला, आतलं सगळं बाहेर ऐकू जातं. सेशन संपेपर्यंत एक शंका नाही हो, आणि मग संध्याकाळी पाणी आलं की नळावर हंडा लावता लावता एकजण हळूच म्हणणार, ताई ते मघाशी म्हणालात ना आग होते, खाज येते, ते मला पण आहे, पण ह्यांना सांगू नका. असं एक एक करून अर्धी गल्ली.

दुसरी गोष्ट म्हणजे एका मंडळाच्या पदाधिकाऱ्याने मला सरळ सांगितलं की पोरींना नको ते शिकवू नका, आमच्या एरियात हे चालणार नाही. मी एकटी बाई, रोज त्याच गल्लीतून जायचं असतं, भांडून कसं चालेल.

आणि तिसरं जरा नाजूक आहे. लग्न झालेली पण अठरा न झालेली मुलगी दिवस गेलेत म्हणून नोंदणीला आली तर आशाने काय करायचं? आणि सेशनमध्ये एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःहून काही सांगितलं तर? कोणी म्हणतं गप्प बस, कोणी म्हणतं पोलिसात कळव नाहीतर तूच आत जाशील. नक्की काय ते कुणीतरी नीट सांगा.

साहित्य मराठीत हवं, चित्रं असली तर फार बरं, आणि फुकट किंवा झेरॉक्सच्या खर्चात बसणारं.

चहात बुडालेलं बिस्कीट

विषयाला काही मदत नाही करू शकत पण धागा काढल्याबद्दल _/\_ . वाखुसा (वाचनखूण साठवली).

कळव्याची जुनी सिस्टर

ताई, मी आयुष्यभर ओपीडी आणि लेबर रूम केलीये, आता रिटायर आहे. तुझं वाचून हसू पण आलं आणि राग पण, कारण हे आमच्या वेळेपासून असंच आहे. फ्लिपचार्ट छापणारा कधी नळावर उभा राहिलेला नसतो.

माझं ऐकशील तर सेशनची सुरुवात अवयवांच्या चित्राने करूच नकोस. तक्रारीपासून कर. कंबर दुखते का, पाळीत अंगावरून किती जातं, थकवा येतो का, हिमोग्लोबिन कधी बघितलंय, एवढं विचारलं की बायका आपोआप बोलायला लागतात. मग पांढरं जाण्यावर ये. आणि तिथे पहिली गोष्ट सांगायची की सगळंच पांढरं जाणं म्हणजे रोग नव्हे. दोन पाळ्यांच्या मधे पाण्यासारखं, चिकट, बिनवासाचं जातं ते नॉर्मल, गरोदरपणात जास्त जातं ते पण नॉर्मल. वास येतो, खाज येते, दह्यासारखं जातं, हिरवं-पिवळं जातं, ओटीपोटात दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, मग मात्र दवाखाना. हा फरक नीट सांगितलास ना तर निम्म्या बायकांची उगाचची भीती जाईल, आणि ज्यांना खरंच आहे त्या येतील. 'हाडं वितळून जातात' हा समज अजून आहे बघ, तो तिथेच खोडून काढ.

आता औषधाचं. सरकारी दवाखान्यात याच्या रंगाच्या किट असतात हे तुला माहीत असेलच, ग्रे, हिरवी, पांढरी, निळी, लाल, पिवळी, काळी अशा सात. रंग आशाने ठरवायचा नाही, तो डॉक्टर तपासून ठरवणार. पण बाईला तू एक गोष्ट समजावू शकतेस. गर्भपिशवीच्या तोंडाशी सूज असेल तर ग्रे किट देतात, तेव्हा नवऱ्याने पण औषध घ्यायलाच पाहिजे, त्याला काही त्रास नसला तरी. एकटीने घेतलं की महिन्याभरात परत तेच, आणि मग बाई म्हणते सरकारी गोळ्यांनी गुण येत नाही. हिरव्या किटचं वेगळं आहे, ती खाज-पांढऱ्यासाठी, त्यात बऱ्याचदा बुरशी असते आणि ती नवऱ्याकडूनच आली असं अजिबात नाही. शुगर असली तरी होते, अँटिबायोटिक खाल्ल्या तरी होते. तिथे नवऱ्याला पुन्हा पुन्हा त्रास होत असेल किंवा हिचं परत परत उलटत असेल तर तपासायचं. हे मुद्दाम एवढं लिहितेय कारण नुसतं 'हा संबंधातून पसरणारा आजार आहे' असं बोलून आलीस तर संध्याकाळी चार घरांत भांडणं लागतील आणि मार बाईच खाईल.

साधनांचं पण तसंच, फायदे वाचून दाखवू नकोस, अफवा विचार. तांबी (कॉपर-टी) वर सरकून छातीत जाते, ही एक जुनी. ती पिशवीतच असते, वर जायला रस्ता नाही. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, त्याने पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, आणि बायकांना वाटतं रक्त आत साठतंय. साठत नाही, अस्तरच पातळ राहतं म्हणून जात नाही. हे आधी सांगितलेली बाई दुसऱ्या डोसला येते, न सांगितलेली येत नाही, हा माझा अनुभव. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला थोडे महिने जास्त लागतात, तेही सांग, लपवू नकोस. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा, वार ठरवून दे म्हणजे विसरत नाहीत. आणि निरोधचं प्रात्यक्षिक अंगठ्यावर कधीच दाखवायचं नाही, मॉडेल मागून घे, नसेल तर सरळ केळं.

प्रश्नांसाठी एक रिकामा डबा ठेव, चिठ्ठ्या टाकायला. लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तू स्वतः दोन-चार चिठ्ठ्या आधीच टाकून ठेव, नळावरचेच प्रश्न, नाव न घेता.

रबाळेकर

सिस्टरांना +१. मी पुरुषांच्या बाजूने लिहितो. ताई, मंडळाशी भांडू नका पण मंडळाला टाळू पण नका. तुम्ही एकट्या जाऊन सांगितलं तर ते 'आशाचं काहीतरी', पण एमओ मॅडमच्या सहीशिक्क्याचं पत्र घेऊन गेलात, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, किशोरवयीन आरोग्य मार्गदर्शन, सोबत हिमोग्लोबिन तपासणी, की अध्यक्ष स्वतः खुर्च्या लावून देतो. कागदाला आपल्याकडे लय किंमत आहे. पत्राची प्रत नगरसेवकाच्या ऑफिसला, एक प्रत शाळेला. आणि कॅरम हलवायचं काम पण त्याच अध्यक्षाला द्या, करतो बरोबर.

आमच्याकडे गणपतीत बीपी-शुगरचं शिबिर ठेवलेलं. गडी माणसं शुगर बघायला म्हणून आली आणि डॉक्टर कोपऱ्यात एकटे दिसले की हळूच वेगळंच विचारत होती. वीर्य गेलं की ताकद जाते का, लघवीला जळजळतं, कंपनीतल्या मित्राने मेडिकलवरून गोळी आणून दिली ती चालेल का. पुरुषांना पण बोलायचं असतं हो, फक्त जागा नाही. मुलांच्या सेशनला पुरुष माणूसच लागतो, ताईंनी घेतलं तर पोरं नुसती खिदळणार. एमपीडब्ल्यू (पुरुष आरोग्य कर्मचारी) भाऊ नाहीत का तुमच्याकडे?

संस्कार_आधी

कुणाला आवडो न आवडो, पण त्या पदाधिकाऱ्याचं अगदीच चूक नाही. आपल्या वेळी हे काही नव्हतं, तरी आपण बिघडलो नाही. वेळ आली की सगळ्यांना आपोआप समजतं. लहान मुलींच्या डोक्यात आधीच भरवायची काय गरज?

कोपरखैरणे_सेक्टर_अमुक

@संस्कार_आधी, आपोआप समजतं ते मोबाईलवरून, आणि काय समजतं ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एका काकांनी चुकून फॉरवर्ड केलं तेव्हा सगळ्यांनी बघितलंय. महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळेतला हा कार्यक्रम बंदच केला होता, संस्कृतीला धरून नाही म्हणून. तेव्हाची मुलं आज आईबाप आहेत आणि त्यांनाही पोरांशी कसं बोलायचं ते येत नाही. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरचे अभ्यास बघून म्हटलंय की असं शिक्षण दिल्याने मुलं लवकर संबंध ठेवायला लागतात असं होत नाही. उलट उशीर होतो, आणि ठेवलेच तर काळजी घेतात. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा पण लोक हेच बोलत होते. शंभर वर्षं झाली की राव.

संस्कार_आधी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

काळा कोट, ठाणे

कायद्याचं मी सांगतो, जरा मोठं होईल, पण ताईंचा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यावर ऐकीव गोष्टी फार चालतात.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, २०१२ चा. त्यात अठराच्या आतली कुणीही 'बालक', संमती असली तरी कायद्याला ती संमती नाही. लग्न झालंय हा बचाव पण आता नाही, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितलंय की अठराखालच्या बायकोशी संबंध हा पण बलात्कारच. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्या कुणीही पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं असतं. डॉक्टरनेच कळवायचं असं तिथे नाही, 'कुणीही' म्हणजे आशा पण आली. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उलट चांगल्या हेतूने कळवलं तर तुमच्यावर काही दावा लागत नाही, हे त्याच कलम १९ मध्ये आहे.

आता व्यवहारात. नोंदणीला अशी मुलगी आली तर तिला परत पाठवायचं नाही, हे पहिलं. पोलिसांचं पत्र आण मग तपासतो असं म्हणणं तर पूर्ण बेकायदेशीर, उपचार आधी. तुम्ही सिस्टर आणि एमओंना त्याच दिवशी लेखी कळवा, तुमच्या प्रतीवर सही-तारीख घ्या, आणि पुढे दवाखान्यातून पोलिसांना माहिती गेली का ते विचारत राहा, नुसतं वर सांगितलं म्हणजे आपण सुटलो असं समजू नका. मुलीला गर्भपात हवा असेल तर पालकाची लेखी संमती लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये दोघांचं, अल्पवयीन मुली त्यात बसतात. आणि हे बऱ्याच दवाखान्यांना पण माहीत नसतं, की २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. पोलिसांच्या भीतीने घरच्या घरी मेडिकलच्या गोळ्या खाऊन रक्तस्राव होऊन येणाऱ्या मुली कमी व्हाव्यात म्हणूनच ते आहे. निकालाची प्रत छापून एमओ मॅडमच्या टेबलावर ठेवा.

सेशनचं म्हणाल तर, सुरुवातीलाच मुलींना सांगा की इथे 'मी' करून नाही बोलायचं, 'एका मुलीला असं असेल तर' असं विचारायचं. आणि हेही स्पष्ट सांगा की तुमचं बोलणं मी गल्लीत नेणार नाही, पण कुणाला त्रास दिला जात असेल, जबरदस्ती होत असेल, तर ते मला पुढे कळवावंच लागेल. आधी 'कुण्णाला सांगणार नाही' म्हणायचं आणि नंतर सांगायचं, यासारखा विश्वासघात नाही. १०९८ चाईल्डलाईनचा नंबर भिंतीवर लावा.

आणि कृपा करून कुठल्या खऱ्या केसचे तपशील इथे टाकू नका, वय-गाव सुद्धा नाही.

इलठणपाड्याची ताई

बापरे, एवढं कुणी कधी सांगितलं नव्हतं. धन्यवाद काळा कोट दादा. खरी केस नाहीये सध्या, पण मागे कानावर आलेलं म्हणून विचारलं. तो लेखी द्यायचा मुद्दा आमच्या दवाखान्याच्या सिस्टरना दाखवला, त्या म्हणाल्या बरोबर आहे, आपण सगळं तोंडी करतो तिथेच मार खातो.

कळव्याच्या सिस्टर, डब्याची आयडिया केली. बिस्किटाचा डबा. पहिली चिठ्ठी निघाली: 'नवरा निरोध घालायला नाही म्हणतो, मी काय करू'. खाली कुणाचं नाव नाही पण पाच-सहा जणी एकदम म्हणाल्या माझीच आहे. याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं अंतरा नाहीतर तांबी घ्या, पण त्याने गुप्तरोग थांबत नाही ना.

टेबलापलीकडची

मी आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात) समुपदेशक आहे, ठाणे जिल्ह्यातच, सेंटर सांगत नाही. तुमच्या त्या चिठ्ठीचं उत्तर: तुम्ही बाईला बरोबर सांगितलंत, दिवस राहू नये म्हणून तिच्या हातातलं साधन तिने घ्यावंच. पण रोगापासून वाचवणारं निरोध सोडून दुसरं नाही, त्यामुळे नवऱ्याला दवाखान्यात आणायचा रस्ता शोधायचा. 'बायकोला इन्फेक्शन आहे, दोघांना औषध द्यायचं तर तुम्ही यायला पाहिजे' हे डॉक्टरच्या तोंडून गेलं की पुष्कळ नवरे येतात, बायकोच्या तोंडून गेलं की तिच्यावरच संशय. घरी मारहाण होत असेल तर मात्र निरोधचा हट्ट धरायला सांगू नका, आधी तिची सुरक्षा.

आशांना सांगून ठेवण्यासारखं अजून थोडं. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशन होतं, आणि निकाल आम्ही आशाला पण सांगत नाही, ज्याचा त्याला. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यात संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करता येत नाही. तुमच्या वहीत पण तसा काही शेरा मारू नका, त्या वह्या कुठे कुठे फिरतात ते आपल्याला माहितीये. जबरदस्ती झालेल्या बाईला किंवा सुई टोचलेल्या कर्मचाऱ्याला ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येतं, जितकं लवकर तितकं बरं, म्हणून 'उद्या बघू' नको. त्याच ७२ तासांत दिवस राहू नये म्हणूनची गोळी पण देता येते, ती तुमच्या किटमध्ये असते. मात्र ती गर्भपाताची गोळी नव्हे हे दरवेळी बजावून सांगा.

साहित्याचं. पुण्याच्या तथापि ट्रस्टने 'लेट्स टॉक सेक्शुॲलिटी' नावाची वेबसाईट केलीये, मराठीत आहे, साध्या भाषेत प्रश्नोत्तरं आहेत, मी स्वतः त्यातून बोलायला शिकले. केंद्र सरकारच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे २०१४ चा तो आरकेएसके, त्याचं साथिया साहित्य पिअर एज्युकेटरसाठी (आपल्याच वयाच्यांना शिकवणाऱ्या मुलामुलींसाठी) आहे, चित्रं बरी आहेत, भाषा तुम्हाला आपली करून घ्यावी लागेल. एचआयव्ही-गुप्तरोगाची पोस्टरं आणि फ्लिपबुक एमसॅक्सची (राज्य एड्स नियंत्रण संस्थेची) येतात, ती जिल्ह्याच्या डापकूकडे (जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडे) दवाखान्याच्या लेटरहेडवर मागायची, फुकट मिळतात. १०९७ हा हेल्पलाईन नंबर पण त्याच कामाचा आहे, फोन फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही, लाजणाऱ्या पोरांना हाच द्या. मुलामुलींना पाठवायला मैत्री क्लिनिक असतं सरकारी हॉस्पिटलात, तुमच्याकडे कुठल्या वारी कोण बसतं ते आधी स्वतः जाऊन बघून या. दार बंद बघून एकदा परत आलेली मुलगी पुन्हा कधीच जात नाही.

कोपरखैरणे_सेक्टर_अमुक

ते मंडळाचं काय झालं पुढे?

इलठणपाड्याची ताई

धागा वर काढतेय. तथापिची साईट बघितली, मुलीच्या फोनवर उघडून आम्ही तिघी आशा रात्री वाचत बसलो, एवढं सरळ मराठीत कुणी लिहिलेलं आम्ही बघितलंच नव्हतं. काही उत्तरं वहीत उतरवून घेतलीत. डापकूला पत्र गेलं.

मंडळाकडे मॅडमचं पत्र घेऊन गेले, सोबत आमच्या दवाखान्याच्या सिस्टर होत्या. तो पदाधिकारी आधी ताठच होता. मग सिस्टरनी त्याच्या आईचा विषय काढला, तिच्या पिशवीचं ऑपरेशन झालेलं आहे, उशीर झाला म्हणून काढावी लागली होती. त्यावर तो म्हणाला बायकांचं घ्या, माझी हरकत नाही, पण पोरांचं-पोरींचं एकत्र नको. आम्हाला तरी एकत्र कुठे हवं होतं. समाजमंदिराची आतली खोली मिळालीये, तिला दार आहे आणि आतून कडी पण लागते.

आता अडलंय ते मुलांच्या सेशनवर. एमपीडब्ल्यू भाऊ म्हणतात मी मलेरियाचं कितीही बोलेन पण हे मला जमायचं नाही. रबाळेकर दादा, तुमच्या शिबिरातले ते डॉक्टर येतील का? मानधन द्यायला आमच्याकडे काही नाही, चहा-वडापाव नक्की.

रबाळेकर

विचारलं त्यांना, रविवार चालेल म्हणाले, दुपारचा ठेवा. ते म्हणतात पोरांना आधी चिठ्ठ्या लिहायला लावा आणि त्या मला दोन दिवस आधी पाठवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, त्यात नंबर आहे. दिघा गाव स्टेशनला उतरून वर यायला रिक्षा मिळते ना?

इलठणपाड्याची ताई

मिळते, पण शेअर रिक्षा शाळेपर्यंतच येते, तिथून चढ आहे, मी खाली उभी राहीन. व्यनि बघते. कळव्याच्या सिस्टर, मॉडेल मिळालं नाही, केळीच आणतेय, किती आणू?

कळव्याची जुनी सिस्टर

अर्धा डझन आण. नंतर पोरं खातात.